शेवटच्या घराचं पाणी

आमच्या वन्संना गल्लीतली पोरं ‘बाटलीवाली’ म्हणायची आणि खरं सांगते, मनातल्या मनात मीही म्हणायचे. नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही, आमच्याचकडे राहायच्या. एकतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत मदतनीस होत्या. कुणाकडे पाहुण्या म्हणून गेल्या तरी आधी पेला नाकाशी धरायच्या. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं!

पाण्याचा नमुना शेवटच्या घरातूनच घ्यायचा, हा त्यांचा हट्ट. “टाकीपाशी काय, सगळंच चांगलं असतं वहिनी. पाइप संपतो तिथे जाऊन बघावं.” म्हणून दर आठवड्याला नाल्यामागच्या खालच्या गल्लीत पायपीट. तिथलं शेवटचं घर एका शिवणकाम करणाऱ्या बाईंचं. वन्सं त्यांच्या नळाचं तोंड स्पिरिटच्या पेटत्या बोळ्याने शेकायच्या, दोन मिनिटं पाणी वाहू द्यायच्या, मग तपासणीचं औषध घातलेल्या बाटलीत धरायच्या. दुसऱ्या दिवशी बाटली काळी पडली, तर पाण्यात गटार मिसळलं असं समजायचं. अहवाल टाकीच्या फाटकावर लागायचा. त्यातले आकडे कोण वाचतंय! लोक खाली वन्संची सही बघायचे आणि पुढे जायचे.

मग नगरपालिकेने पाणी पंचवीस वर्षांसाठी एका कंपनीच्या हवाली केलं; तपासणी तेवढी वन्संच्या खात्याकडे राहिली. टाकीशेजारी बाटलीबंद पाण्याचा कारखाना उभा राहिला. त्याला दिवसभर पाणी, आणि खालच्या गल्लीचं सहा तासांचं एक तासावर आलं. पाइप रिकामा राहिला की शेजारच्या गटारातली घाण भेगांमधून आत ओढतो. वन्संनी फाटकावर ‘पिण्यास अयोग्य’ असा अहवाल लावला आणि खात्याच्या साहेबांना हे तीनदा लेखी कळवलं. साहेबांनी कानावर हात ठेवले.

तेवढ्यात वन्संच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. सहा आठवडे रजा. आणि इथे माझ्या शहाण्या नणंदेने घोळ घातला. त्यांच्या खात्यात जुनी पद्धत होती. रजेवर जाणाऱ्याने कोऱ्या अहवालांवर सह्या करून ठेवायच्या, म्हणजे मागे काम अडत नाही. तपासणी दुसरा करायचा, आकडे कारकून भरायचा. एकतीस वर्षांत कधी काही बिघडलं नव्हतं. त्यांनी केल्या सह्या.

परत आल्या आणि आधी खालच्या गल्लीत गेल्या. शिवणवाल्या बाईंच्या घराला कुलूप. त्यांची सात वर्षांची मुलगी काविळीने गेली होती, आणि त्या माहेरी होत्या. गल्लीत आणखी अकराजण अंथरुणावर. वन्संनी शेजारच्या नळाचं पाणी घेतलं. सकाळी बाटली काळी कुळकुळीत. फाटकावर मात्र सहा आठवड्यांचे सहा अहवाल, ‘पिण्यास योग्य’, आणि खाली त्यांचीच सही. वन्संनी प्रयोगशाळेची नोंदवही उघडली, तर त्या रजेत एकही बाटली भरलेली नव्हती; आकडे बसल्या जागी लिहिलेले.

गल्लीने तक्रार केली, चौकशी बसली. गल्लीचे वकील आमच्या घरी आले आणि म्हणाले, “बाई, सही बनावट आहे म्हणा. कंपनीने केली म्हणा. कोण सिद्ध करणार?” मला तर एकदम पटलं. त्या लुच्च्यांनी एवढं केलं, त्यात एक सही आणखी! शिवाय वन्संच्या निवृत्तीला सातच महिने उरले होते.

“पण सही माझी आहे वहिनी,” वन्सं म्हणाल्या.

“मग? हरिश्चंद्राचा अवतार आहात का तुम्ही?” माझ्या जिभेला कुठे हाड आहे!

“बनावट म्हटलं तर ती एका चोराची गोष्ट होईल. त्याला पकडतील आणि कोऱ्या सह्या चालूच राहतील. उद्या माझ्या जागी येणारीही करेल.”

चौकशीत कंपनीच्या वकिलाने कागद नाचवले. “ही सही तुमचीच ना?”

“माझीच. कोऱ्या कागदावर केलेली. मी ते पाणी तपासलेलं नाही, कुणीच तपासलेलं नाही. रजा संपल्यावर मी तपासलं, ती ही बाटली.”

चौकशी अधिकारी म्हणाले, “हे कबूल केल्यावर तुमच्यावर कारवाई होईल, कल्पना आहे?”

“आहे साहेब. लिहून घ्या.”

पुढे कारखान्याला टाळं लागलं, गल्लीचे सहा तास परत मिळाले, आणि वन्संना घरी बसवलं. पण मला सांगायचंय ते त्या दुपारचं.

आम्ही बाहेर आलो तर जिन्यात शिवणवाल्या बाई. आत बसून त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता या वन्संच्या गळ्यात पडणार.

त्या म्हणाल्या, “मी तिला पाणी उकळून देत होते हो. फाटकावर ‘पिण्यास योग्य’खाली तुमची सही बघितली आणि उकळणं बंद केलं.”

मी वन्संचा हात ओढला. चला म्हटलं, हे पाप कंपनीचं, तुमचं नाही! वन्संनी हात सोडवून घेतला.

“हो,” त्या बाईंना म्हणाल्या, “तुम्ही माझ्या सहीवरच विसंबलात.”

कंपनीचं नाव नाही, डोळ्याच्या ऑपरेशनचं नाव नाही. बाई पायरीवर बसून हंबरडा फोडायला लागल्या. वन्सं त्यांच्या शेजारी बसल्या. बाईंनी त्यांना जोराने ढकललं. त्या सावरल्या आणि पुन्हा तिथेच बसल्या. मी कठडा धरून उभी होते. असं बसणं मला या जन्मात जमलं नसतं.