अव्वाचं नाक

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, आणि ज्यांच्याजवळ बोलायला हवं होतं त्या आक्कांजवळ तर नाहीच. पाच वर्षं झाली. आता तुम्हाला सांगतोय ते काही धाडस आलंय म्हणून नाही — बाळगून बाळगून दमलोय, एवढंच.

तुम्ही म्हणाल, असं काय मोठं केलंस? खून नाही केला, कुणाला लुबाडलं नाही. मातीचा एक मग फुटला. पण थांबा — असं सांगितलं की गोष्ट लहान होते, आणि मी पाच वर्षं स्वतःला ती अशीच सांगत आलोय. नीट सुरुवातीपासून सांगतो.

मी दातांचा डॉक्टर. राजारामपुरीत तीस वर्षं लोकांच्या तोंडात वाकून बघितलं. मग कंबर आणि डोळे दोन्ही कुरकुरायला लागले, तेव्हा दवाखाना बंद केला आणि घरी बसून बायकोच्या कामात चुका काढायला लागलो. त्याच सुमारास परदेशात राहणाऱ्या पुतण्यानं मला एक मग आणून दिला. वीतभर उंच, डोळे वटारलेला, दात विचकलेला. दूरच्या समुद्रातल्या बेटांवर लाकडाच्या मूर्ती असतात म्हणे, त्यांच्यावरून ही टूम निघाली. टिकी मग म्हणतात त्याला, आणि तिकडं त्यातून दारू पितात. मला आधी दिसले ते दात. वर चार, खाली सात. असलं तोंड मिटणार कसं? मी म्हटलं, याच्यापेक्षा बरा मी करीन.

दोन गल्ल्या सोडून रेखा तिच्या गॅरेजमध्ये मातीकामाचा क्लास घ्यायची, शनिवारी दुपारी. माझ्या मुलीच्या वयाची, पण मातीच्या बाबतीत कडक. चाक नाही, सगळं हातानं. मातीची पोळी लाटायची, गुंडाळून नळा करायचा, खाली बूड जोडायचं आणि मग वरून कपाळ, नाक, ओठ चढवायचे. वाळलं की भट्टीत एकदा भाजायचं, नंतर ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकाकणारा लेप, लावून पुन्हा भाजायचं. मला त्या ग्लेझचं वेड लागलं. हिरवं ग्लेझ भट्टीत वितळून दातांच्या फटींत उतरायचं आणि तिथं काळपट व्हायचं — हुबेहूब तंबाखू खाणाऱ्याचे दात. मित्र घरी आले की विचारायचे, "डॉक्टर, ही सगळी तुमची पेशंटं व्हय?" मला बरं वाटायचं. खरंच सांगतो, त्या दोन वर्षांत वाटलं तितकं बरं दवाखान्यात कधी वाटलं नव्हतं. क्लासमधला हुशार माणूस मी होतो. हे लक्षात असू द्या, पुढं लागणार आहे.

महादेवी आक्का आमच्याच क्लासमध्ये होत्या. वय पासष्टच्या पुढं. नवरा गेल्यावर साड्यांचं दुकान त्यांनी एकटीनं ओढलेलं. माहेर सीमेपलीकडचं, त्यामुळं मनातल्या मनात मोजणी कानडीत चालायची. बोटं आखडतात म्हणून मातीत हात घालायला यायच्या आणि पणत्या करायच्या. एकदा माझे मग बराच वेळ बघून म्हणाल्या, "डॉक्टर, ह्यो चेहरा ओळखीच्या माणसाचा बी करता येतोय न्हवं?"

"येतो की."

"मग मी अव्वा करतो."

अव्वा म्हणजे त्यांची आई. तिचा एकही फोटो नव्हता. फोटो काढला की आयुष्य कमी होतं म्हणायची, आणि जवळ कुणी कॅमेरा आणला की पदर तोंडावर घ्यायची. "डोळं मिटलं की दिसती मला," आक्का म्हणाल्या, "पन आता जरा जरा पुसट व्हायला लागलीया." म्हणून घाई. पुसट व्हायच्या आत तिला मातीत धरून ठेवायचं होतं.

तीन महिने लागले. कपाळ जमलं, डोळे जमले, तोंड काही जमेना. तिथं मी मदत केली. दात गेले की ओठ आत कसे वळतात, हनुवटी वर नाकाकडं कशी येते, ते मी माझ्याच तोंडावर करून दाखवलं. आक्का हसल्या आणि मग करत बसल्या. एका शनिवारी ओठ बरोबर बसले. आक्का ओल्या हातांनी तशाच बसून राहिल्या. "हीच की," म्हणाल्या, आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. मी शेकडो लोकांना कवळ्या बसवल्या, पण तसं कुणी कधी म्हणालं नव्हतं.

अव्वाचं नाक थोराड होतं, दोन्ही बाजूंना चमकी टोचलेलं. आता नाक भरीव ठेवून चालत नाही. जाड मातीत ओल राहते, भट्टीत तिची वाफ होते आणि भांडं बॉम्बसारखं उडतं. शेजारी असेल त्यालाही घेऊन जातं. म्हणून नाक आतून कोरून पोकळ करायचं आणि नाकपुडीतून सुईनं भोक पाडायचं. आक्कांनी ते केलं. करंगळीनं माती कोरली, सुई घातली, नाक परत चिकटवलं. मी शेजारी बसून बघत होतो. कितीही इकडंतिकडं फिरलो तरी मला इथंच यावं लागतं — मी बघत होतो.

रेखाचा आणखी एक नियम होता. भट्टीत ठेवायच्या आधी आपली वस्तू आपल्या गालाला लावायची. गार लागली तर अजून ओली, बाहेर ठेवायची. ज्यानं त्यानं आपापलं सांगायचं, आणि तिचा सगळ्यांवर विश्वास होता.

श्रावण होता, हवेत ओल, काही म्हणता काही वाळत नव्हतं. पुतण्या पुन्हा आला होता आणि पुढच्या रविवारी परत जाणार होता. त्याला चार मग हवे होते. तीन वाळून भट्टीत जायला तयार होते. चौथा मी बुधवारी केला. नाक भरीव. कोरायचा कंटाळा केला — खरं तर कोरलं की त्याचा तोरा जायचा, असं मला वाटलं. शनिवारी मी तो गालाला लावला.

गारगार होता.

मी म्हणालो, "कोरडा आहे."

रेखानं तो अव्वाच्या शेजारी ठेवला. "चांगभलं," म्हणत भट्टीचं झाकण लावलं. रविवारी सकाळी ती चंदगडला सासरी गेली. किल्ली माझ्याकडं दिली — डॉक्टर, जबाबदार माणूस. सोमवारी भट्टी गार झाली की उघडा, म्हणाली. आक्कांना मी अकराची वेळ दिली. आणि स्वतः दहालाच गेलो. का? मनात कुठंतरी माहीत असल्याशिवाय कुणी तासभर आधी जातं का?

झाकण उघडलं. माझ्या चौथ्या मगाचं बूड तेवढं उरलं होतं, बाकी सगळा चुरा. पहिल्या तिघांचेही तुकडे. आणि अव्वा — तिला बाजूनं तडाखा बसला होता. गाल, कपाळ, तोंड, सगळं फुटलेलं. नाक मात्र अख्खं निघून खाली पडलं होतं. मी ते उचलून उलटं केलं. आतून छान पोकळ. नाकपुडीत भोक. रेखानं एकदा बघितलं असतं तरी कुणाच्या मगानं घात केला ते तिला कळलं असतं.

मी नाक पँटच्या खिशात टाकलं. अजून कोमट होतं. मग हातानं सगळे तुकडे एकमेकांत मिसळले.

आक्का अकराच्या आधीच आल्या. कुंकवाची डबी घेऊन आल्या होत्या, अव्वाच्या कपाळाला लावायला. मी त्यांना म्हणालो, "आक्का, तुमचा मग फुटला. नाक भरीव राहिलं बहुतेक. त्याच्या धक्क्यानं माझेही गेले."

त्या भट्टीत बघत राहिल्या. "मी पोकळ केलतं की," म्हणाल्या. "भोक बी पाडलंतं. पाडलंतं न्हवं, डॉक्टर? तुम्ही व्हताच की तिथं."

आणि मी — आता सांगतो — मी म्हणालो, "राहून गेलं असेल, आक्का. या वयात होतं असं."

मग फोडणं ही चूक होती. ती चालली असती. मी खरं बोललो असतो तर आक्का दोन दिवस रडल्या असत्या आणि "असू दे" म्हणाल्या असत्या, एवढी मला त्यांची ओळख होती. रेखा रागावली असती, बस्स. पण मला हुशार राहायचं होतं. त्यासाठी मी त्या बाईच्या आठवणीवर बोट ठेवलं, आणि तेही डॉक्टर म्हणून.

त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा स्वतःच्या करंगळीकडं. मग माझी माफी मागितली. "तुमचं बी वाटोळं केलं मी." मी म्हणालो, "असू द्या." मी त्यांना माफ केलं, कळतंय का तुम्हाला? नंतर त्या खाली बसून अर्धा तास तुकडे चाळत होत्या. "नाक तेवढं गावंना," म्हणत होत्या. मी शेजारी उभा होतो, खिशात हात घालून.

त्या परत क्लासला आल्या नाहीत. तेवढ्यावर भागलं असतं तरी ठीक. दिवाळीत बायकोबरोबर दुकानात गेलो, तर आक्का साडीची किंमत बरोबर सांगायच्या आणि मुलाकडं वळून विचारायच्या, "बरोबर हाय न्हवं?" वीस वर्षांत त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं. पुढच्या वर्षी गल्ल्यावर मुलगा बसला. आक्का आत साड्यांच्या घड्या घालतात. मुलगा मला म्हणाला, "आईच्या ध्यानात ऱ्हात न्हाय आता. तीच म्हणती, डॉक्टरांनी बी सांगितलंय." पण आक्कांना माझ्या मुलीच्या लग्नातल्या सगळ्या साड्या रंगासकट आठवतात. फक्त त्या सांगतात आणि पुढं विचारतात, "व्हय न्हवं?"

नाक माझ्या कपाटात आहे, कवळीच्या जुन्या डबीत. तीन वेळा ते खिशात घालून दुकानात गेलो आणि तीन वेळा ब्लाउजपीस घेऊन परत आलो. बायको म्हणते, कशाला आणता एवढे?

गेल्या महिन्यात असाच गेलो होतो. नाक घरीच होतं, पाच मिनिटांच्या वाटेवर. आक्कांनी चहा मागवला. घडी घालता घालता म्हणाल्या, "अव्वा आता अजाबात दिसंना, डॉक्टर. डोळं मिटलं तरी न्हाय. नाक कसं व्हतं त्ये बी आठवंना."

मी म्हणालो, "होतं असं, आक्का."

आणि चहा संपवून घरी आलो.