शनिवारचा डबा

तंजावुरात घरोघर केबल येत होती त्या वर्षांत आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर अलिबागकडचे एक बँक अधिकारी भाड्यानं राहायचे. धर्मानं यहुदी, बेने इस्रायल. आम्ही पिढ्यानपिढ्या तंजावूरचेच मराठी, त्यामुळे मराठी बोलणारा शेजार मिळाला याचाच मला आनंद.

"राव, तुमची मराठी म्हणजे बखर आहे हो," ते म्हणायचे.

"आणि तुमच्या मराठीला मासळीचा वास येतो," मी म्हणायचो.

शनिवार हा त्यांचा शब्बाथ, विसाव्याचा दिवस; त्या दिवशी त्यांच्याकडे चूल पेटत नसे. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी माझी बायको डब्यात चिंचेचा भात, इथला पुळिसादम, वर पाठवी. तो दुसऱ्या दिवशीही चांगला राहतो. रविवारी डबा परत येई, पण रिकामा कधीच नाही. नारळाची वडी, नाहीतर निदान केळी.

जिन्यात बसून ते सांगत. पूर्वजांचं गलबत कोकणकिनाऱ्याला फुटलं, पोथ्या बुडाल्या, एक प्रार्थना तेवढी तोंडी राहिली. जे वाचले ते तेल गाळू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. जेरुसलेमचं मंदिर पडण्याआधीच ते पूर्वज तिथून निघाले असावेत. नंतरचे सण त्यांना ठाऊकच नव्हते. कोचीचे यहुदी निराळे, बगदादहून आलेले आणखी निराळे.

त्यांची मुलगी दुखण्यातून उठली तेव्हा त्यांनी नवसाचा मलिदा केला. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, फळं. एलियाहू नबी या त्यांच्या प्रेषिताच्या नावानं. बँकेतली माणसं होती. त्यांच्यादेखत मी म्हणालो, "हा तर आपलाच प्रसाद. यात यहुदी ते काय?"

कुणीतरी हसलं. ते हसले नाहीत. "माझ्या थोरल्या भावाला इस्रायलमध्ये लग्नाच्या वेळी हेच विचारलं होतं, राव. तिथल्या धर्मगुरूंनी. तू यहुदी कशावरून, म्हणून."

मी ते गमतीनं म्हणालो, असं इतकी वर्षं सांगत आलो. तसं नव्हतं. यहुदी सगळे एका साच्याचे असतात असं मला वाटे, आणि ते त्यात बसत नव्हते. पुण्याच्या पाहुण्यांनी माझ्या आईला "ही कसली मराठी?" म्हटलं होतं, तेव्हा ती त्यांच्यासमोर पुन्हा बोलली नव्हती. हे पाहिलेला मी.

पुढच्या रविवारी डबा आला. घासलेला, पुसलेला, रिकामा.

"वर जाऊन बोला त्यांच्याशी," बायको म्हणाली.

मी गेलो नाही. भात जात राहिला, डबा तसाच येत राहिला. त्यांची बदली झाली तेव्हा प्रवासासाठी बायकोनं त्यातच भात भरून दिला. म्हणाली, "भाऊजी, हा आता परत पाठवू नका."

"बरं, वहिनी."

मी तिच्या मागे उभा होतो, त्यांनी परत केलेली वरच्या मजल्याची किल्ली हातात धरून.