तीन कार्बोरेटर आणि आप्पांचा पाय

पुढच्या कार्बोरेटरमधून पेट्रोल वाहायला लागलं आणि मी ओरडलो, "पंप बंद कर! आधी पंप!"

सुकुमारनं स्विच खाली केला. एक्झॉस्टचा पाईप खाली तापलेला होता. त्याच्यावर थेंब पडला असता, तर गाडी, गॅरेज आणि आम्ही दोघं, सगळ्यांचाच निकाल लागला असता. फडक्यानं इंजिन पुसून घेतलं आणि स्वतःलाच एक कचकचीत शिवी हासडली. नव्या इलेक्ट्रिक पंपाचा जोर जास्त असतो आणि हे कार्बोरेटर माझ्या वयाचे. आतली सुई तो जोर अडवूच शकत नव्हती. हे मला आधी सुचायला हवं होतं.

मी लष्करात चोवीस वर्षं गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये काढली. रिटायर झालो हवालदार म्हणून, पण कराडात सगळे मला मेजरच म्हणतात. सुरुवातीला मी चूक दुरुस्त करायचो. आता करत नाही.

गाडी आष्ट्याच्या आप्पांची, चाळीस वर्षांपूर्वी घेतलेली. सुकुमार त्यांचा मुलगा, शेती अवजारांचं दुकान चालवतो. आप्पांनी तरुणपणी एका परदेशी मासिकात हॉट रॉडचा फोटो बघितला होता. हॉट रॉड म्हणजे जुनीच गाडी, पण इंजिन असं तगडं केलेलं, की आवाजानं रस्त्यावरचा माणूस वळून बघेल. आप्पांनी तेव्हाच कुठल्याशा भंगारवाल्याकडून तीन विलायती कार्बोरेटर आणि ते बसवायचं मॅनिफोल्ड मिळवलं. मग शेती आली, पोरांची शिक्षणं आली, भावांच्या वाटण्या आल्या. कार्बोरेटर धोतराच्या फडक्यात गुंडाळून चाळीस वर्षं ट्रंकेत पडून होते.

आता आप्पा अठ्ठ्याहत्तरचे. पुढच्या सोमवारी त्यांचं लायसन संपत होतं आणि ते पुन्हा काढायचं नाही असं घरात ठरलं होतं. म्हणजे आप्पा सोडून बाकी सगळ्यांनी ठरवलं होतं.

"मेजर, एकदा त्यांच्या हातानं चालू द्या," सुकुमार म्हणाला होता. "मग कव्हर घालून ठिवू. पण रविवारच्या आत झालं पायजे बघा."

माझ्या हातात आठ दिवस होते.

कार्बोरेटरचं काम सोपं आहे, हवेत पेट्रोल मिसळायचं. त्याच्या नळीत एक पितळी चकती असते. ॲक्सिलरेटर दाबला की चकती उघडते, हवा आत जाते, गाडी पळते. पाय काढला की स्प्रिंग चकती मिटवते. एक कार्बोरेटर असला की एवढंच. तीन असले की तिघांचं एकमेकांशी पटावं लागतं, आणि ते भावाभावांइतकंच अवघड असतं.

पंपाचा जोर कमी करायला रेग्युलेटर बसवला. गळती थांबली. मग लिंकेज, म्हणजे पॅडलपासून कार्बोरेटरपर्यंतच्या दांड्या. त्या मी स्वतः बनवल्या. रचना अशी केली, की हळू चालवताना फक्त मधला कार्बोरेटर चालेल. पॅडल अर्ध्याच्या खाली गेलं, की पुढचा आणि मागचा उघडतील. गावात एकावर, मोकळ्या रस्त्यावर तिन्हीवर. शेवटी रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी धरून तिघांचा फुसफुसाट ऐकत बसलो. तो सारखा आला, की हवा सारखी जाते असं समजायचं. दोन दिवस जेवतानासुद्धा मला तोच आवाज ऐकू येत होता. बायको म्हणाली, "आवं, भाजीत मीठ न्हाई, तरी कळंना व्हय तुम्हाला?"

शनिवारी कराडच्या बाहेर गाडी पळवून बघितली. दाबली की उडी मारायची, सोडली की लगेच शांत. रविवारी सकाळी मीच ती चालवत आष्ट्याला नेली.

आप्पा दारातच उभे होते. पांढरा सदरा, टोपी, पायात चपला. त्यांनी बॉनेट उघडायला लावलं.

"डबडी कसली बसवलीस वर?"

"एअर फिल्टर हायत, आप्पा. धूळ आत जाऊ नये म्हणून."

"चाळीस वर्षं जपली ती डबड्याखाली झाकायला व्हय रं?"

मलाही मिरवायचं होतं, खोटं कशाला बोलू? तिन्ही फिल्टर काढून ठेवले. पॉलिश केलेली तीन तोंडं उन्हात चकाकली. गल्लीतली माणसं गोळा झाली आणि माझी छाती फुगली.

तेवढ्यात आक्का, आप्पांच्या पत्नी, ताट घेऊन आल्या. गाडीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. मग कुंकवात भिजवलेल्या अक्षतांची मूठ उचलली. "चाळीस वर्षांनी जीव आला बया हिच्यात," म्हणत त्यांनी अर्धी मूठ टपावर आणि अर्धी इंजिनावर टाकली. त्यांचे डोळे भरले होते. मीही हात जोडले. मग फिल्टर परत बसवले, नट आवळले आणि आप्पांना म्हटलं, "बसा."

आप्पा स्टेअरिंगवर, मी शेजारी, सुकुमार मागं. गावातून गाडी मधल्या कार्बोरेटरवर मांजरासारखी गेली. आप्पांचा हात पक्का होता. गिअर टाकताना खट्ट आवाज नाही, धक्का नाही.

सांगलीच्या रस्त्याला मोकळं मिळालं तसं त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"दाबू का?"

"दाबा की."

तिन्ही कार्बोरेटर उघडले. तो आवाज मी कागदावर लिहू शकत नाही. पाठ सीटला चिकटली, आप्पा मोठ्यानं हसले आणि मागून सुकुमार म्हणाला, "आयला!"

पुढं बांधावरून उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन रस्त्यावर आला. सगळा रस्ता अडला.

आप्पांनी पाय काढला. गाडी मंदावली नाही.

"आप्पा, पाय काढा!" सुकुमार ओरडला.

"काढलाय रं!"

आप्पांनी ब्रेक दाबला. जुने ड्रम ब्रेक एकीकडं ओढत होते आणि इंजिन दुसरीकडं. ट्रॉलीतला ऊस मोठा होत समोर आला. "क्लच नको! चावी! चावी फिरवा!" मी ओरडलो. क्लच दाबला असता, तर मोकळं झालेलं इंजिन भरारून फुटलं असतं. माझा हात पोचायच्या आत आप्पांनी चावी फिरवली. इंजिन गप्प झालं, ब्रेक धरले आणि उसाची पाती बॉनेटला घासून गाडी थांबली.

ट्रॅक्टरवाला मागं वळून म्हणाला, "आवं, उसात घालताय काय गाडी?"

आम्हा तिघांपैकी कुणालाच हसू आलं नाही. ट्रॉली पुढं गेली. आम्ही ढकलून गाडी कडेला घेतली.

"बास झालं," सुकुमार म्हणाला. "पाय अडकला तुमचा. वय झालं, आप्पा. चावी द्या हिकडं."

आप्पा आपल्या उजव्या पायाकडं बघत राहिले. "काढला हुता की रं मी," ते म्हणाले. पण या वेळी त्यांचा आवाज खाली होता. त्यांनाच आता खात्री वाटत नव्हती.

एक तर आप्पांचा पाय, नाहीतर माझं लिंकेज. आणि खरं सांगतो, क्षणभर मला वाटलं, पायच असू दे. माझीच मला लाज वाटते, पण वाटलं.

बॉनेट उघडलं. दांड्या ठीक, स्प्रिंगा ठीक. मधला मिटलेला, पुढचा मिटलेला. मागचा मात्र किंचित उघडा होता, करंगळीच्या नखाएवढा. स्प्रिंग ओढत होती तरी मिटत नव्हता. फिल्टर काढून मोबाईलची टॉर्च मारली. चकती आणि नळीच्या मध्ये एक लाल तांदळाचा दाणा अडकला होता.

सकाळी अक्षता मिटलेल्या चकतीवर जाऊन बसल्या होत्या. गावात मागचा कार्बोरेटर उघडलाच नाही, म्हणून कळलं नाही. आप्पांनी पूर्ण दाबल्यावर चकती उघडली, बाकीचे दाणे आत ओढले गेले आणि मिटताना हा एक मधेच सापडला. चकती थोडी हलवून फुंकर मारली असती, तर तोही इंजिनात जाऊन जळाला असता. माझ्या कामावर बोट ठेवायला कुणाकडं काही उरलं नसतं. आप्पांच्या पायावर मात्र कायमचं उरलं असतं.

मी चिमट्यानं दाणा काढला आणि तळहातावर ठेवून आप्पांपुढं धरला.

"अक्षता?" सुकुमार म्हणाला.

"व्हय. फिल्टर मी काढले आणि आत न बघता परत लावले. आक्कांची चूक न्हाई, आप्पांची तर न्हाईच. चूक माझी."

आप्पांनी दाणा बोटांत धरला, डोळ्यांजवळ नेला.

"म्हंजी माझा पाय निघाला हुता."

"निघाला हुता, आप्पा. आणि चावी माझ्या आधी तुमीच फिरवली."

मी पुढचा कार्बोरेटरही उघडून साफ केला. तिथं तोंडाच्या काठाला ओल्या कुंकवानं चिकटलेले चार दाणे निघाले. तिन्ही चकत्या दहा-दहा वेळा उघडून मिटवून बघितल्या. मान वर केली, तर सुकुमार मागच्या सीटवर जाऊन बसला होता. आप्पांनी परत फिरताना एकदा पूर्ण दाबली, एकदा सोडली. गाडी लगेच शांत झाली.

सोमवारी संध्याकाळी सुकुमारचा फोन आला. लायसन संपायच्या दिवशी आप्पांनी स्वतःच चावी त्याच्या हातात ठेवली होती. म्हणाले, "काल घेतली असतीस तर काढून घेतलीस असं झालं असतं. आज मी दिली."

माझ्या गॅरेजमधून पूजा केल्याशिवाय आजही गाडी बाहेर पडत नाही. फक्त आधी मी कार्बोरेटरच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबतो, आणि पूजेनंतर किती फडकी बाहेर आली ते मोजतो.