निळं झाकण

"मग सांग ना सरळ, शिकवलंच नाही म्हणून."

"पण शिकवलं होतं, ताई."

"एवढं एक वाक्य तुझ्या तोंडातून निघेना?"

"तुम्ही पहिल्या रांगेत बसला होतात. सगळी उत्तरं बरोबर दिलीत. मी तुम्हाला साबणाची वडी दिली बक्षीस."

"ने परत ती वडी. अर्धी उरलीय."

थोरली जाऊ भांडत होती, पण तिचा आवाज फुटत नव्हता. गेल्या आठवड्यात घसा आतून सोलून निघाल्यापासून तिचा प्रत्येक टोमणा घोगऱ्या कुजबुजीतूनच येई. आणि समोरचा माणूस कुजबुजला की आपणही कुजबुजतो, तशी धाकटीही हळूच बोलत होती. लाँड्रीच्या स्टोअरच्या दाराबाहेरून कुणी ऐकलं असतं तर वाटलं असतं, दोघी जावा रसायनांच्या कॅनच्या रांगांमध्ये उभ्या राहून सासूची उणीदुणी काढताहेत.

जेवणाच्या सुट्टीनंतर मॅनेजरसाहेब धाकटीला बोलावणार होते. ती स्टोअर सांभाळायची, कॅनवर लेबलं लावायची आणि कामगारांना ती लेबलं शिकवायची. साहेब तिला एकच गोष्ट विचारणार होते: थोरलीला प्रशिक्षण मिळालं होतं का? मिळालं असेल तर चूक थोरलीची. म्हणजे औषधपाणी पदरचं आणि नोकरीवर पाणी. नसेल, तर चूक लाँड्रीची.

धाकटी पाट्या रंगवणाऱ्याची लेक. बापाच्या मांडीवर बसून अक्षरं गिरवलेली. हॉस्पिटलांच्या चादरी आणि हॉटेलांचे टॉवेल धुणाऱ्या या लाँड्रीत ती लागली, तेव्हा कॅनवर काय वाट्टेल ते असायचं. कुठे अर्धा कागद, कुठे खडूची रेघ, कुठे नुसताच हाताचा डाग. मग वरून नियम आला. प्रत्येक कॅनला एकाच पद्धतीचं लेबल हवं: नाव, लाल चौकटीतलं चित्र, काय होऊ शकतं, झालं तर काय करायचं. दुसऱ्या कुणी कपाळाला हात लावला असता. हिला माहेर सापडलं. ती लेबल लावायची ते कंगव्याच्या पाठीने दाबून, एक बुडबुडा राहू न देता. पोरी तिला 'चिकटबाई' म्हणायला लागल्या. तिला ते आवडायचं.

घरीही तेच. डब्यांवर नावं, बाटल्यांवर नावं. सासूबाई एकदा म्हणाल्या, "आता माझ्या कपाळावरही लाव काहीतरी, म्हणजे पोरं जपून राहतील."

प्रशिक्षण म्हणजे तर तिचा खेळच. कॅन्टीनमध्ये खुर्च्या मांडायच्या, पंखा मोठा करायचा, चहा सांगायचा. ती हातमोजे घालून, चष्मा चढवून उभी राही आणि एकेक चित्र वर धरी.

"हे काय?"

"हात खाणारी नळी," मागून कुणीतरी.

"हे?"

"छातीत तारा फुटलेला माणूस."

"आणि हा मासा?"

"मेलाय," थोरली म्हणाली होती. "आमच्या साहेबांसारखा पडून आहे."

सगळ्या हसल्या होत्या. पण उत्तरं अचूक आली होती. कुठलं जाळतं, कुठलं कशात मिसळायचं नाही, डोळ्यात गेलं तर किती वेळ पाणी मारायचं, सगळं. धाकटी त्या दिवशी घरी तरंगतच गेली होती.

पण कॅन्टीन वेगळं आणि धुलाईची शेड वेगळी. शेडमध्ये वाफ. ड्रम घरघरतात, हात कोपरापर्यंत ओले, चष्मा घातला तर धुकं, काढला तर वाफ डोळ्यांत. तिथे लेबल कोण वाचतो? तिथे झाकण बघतात. निळं झाकण म्हणजे ब्लीच, लाल झाकण म्हणजे डाग काढायचं अ‍ॅसिड. लांबून दिसतं, घाईत कळतं. धाकटीला हे ठाऊक होतं. ती ओरडायची, "लेबल वाचा गं," आणि पोरी म्हणायच्या, "हो बाई." झाकणांचं काहीतरी करा म्हणून ती एकदा साहेबांकडेही गेली होती. साहेब म्हणाले, "झाकणाला नियम नाही. लेबलला आहे."

गेल्या आठवड्यात अ‍ॅसिडच्या एका कॅनचं लाल झाकण तडकलं. सांडू नये म्हणून आधीच्या पाळीतल्या कुणीतरी त्यावर हाताला लागलं ते झाकण बसवलं. ते निळं होतं. वाईट हेतू काहीच नव्हता, उलट काळजीच घेतली होती. थोरलीच्या बादलीत थोडं ब्लीच होतं, अजून हवं होतं. तिने निळ्या झाकणाचा कॅन उचलला आणि ओतला. पिवळट धूर उठला तो थेट तिच्या तोंडावर. शेडमधल्या दोन पोरींनी ओढून बाहेर काढलं तिला.

कॅनवर धाकटीचं लेबल होतं. सरळ, स्वच्छ, बुडबुड्याविना.

"वाचायला काय झालं होतं तुम्हाला?" आता धाकटीच्या तोंडून निघून गेलं. आठवडाभर आत अडकलेलं होतं ते. "हातभर अंतरावर होतं. अ‍ॅसिड लिहिलंय, चित्र काढलंय, अजून काय करायचं होतं मी? गाऊन दाखवायचं होतं?"

थोरली खोकली. खोकला संपेपर्यंत थांबली.

"तू आमटीत मीठ कसं घालतेस?"

"काय संबंध?"

"डब्यावर मीठ लिहिलंयस ना, एवढ्या वळणदार अक्षरात? कधी वाचलंस? चेपलेल्या झाकणाचा डबा ओढतेस आणि घालतेस. त्यात उद्या मी साखर भरली तर?"

 धाकटीने कोपऱ्यातली बादली उगाच इकडची तिकडे केली.

"मी खोटं सांगितलं," ती शेवटी म्हणाली, "तर मी इतकी वर्षं केलं काय, ताई? नुसते कागद चिकटवले?"

"आणि खरं सांगितलंस तर मी घरी बसते. बघ, तुला काय जास्त जड जातं ते."

तेवढ्यात शिपाई बोलवायला आला.

साहेबांच्या केबिनमध्ये थंडगार होतं. ते कावलेले दिसत होते, पण रागावलेले नव्हते. त्यांच्याही डोक्यावर कुणीतरी बसलेलं होतं.

"बसा. दोन मिनिटांचं काम आहे. प्रशिक्षण झालं होतं?"

"साहेब, झालं होतं, पण कोरड्या कॅन्टीनमध्ये झालं होतं. शेडमध्ये वाफ असते, तिथे लेबल दिसत नाही, तिथे सगळ्या झाकणावर चालतात. मी तुमच्याकडे आले होते झाकणांसाठी…"

"लेबल होतं कॅनवर?"

"होतं. पण…"

"बरोबर होतं?"

"साहेब, माझं लेबल कधी चुकत नाही. मी तेच म्हणतेय, लेबल बरोबर असूनही…"

"बाई, वरचे लोक फोनवर बसलेत. मला हो किंवा नाही एवढंच हवंय. झाकणाचं आपण नंतर सावकाश बघू. प्रशिक्षण झालं होतं?"

तिने पुन्हा सुरुवात केली. वाफेपासून. साहेबांनी घड्याळाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि हात जोडले. खरोखरच जोडले.

"हो," ती म्हणाली.

परत येताना तिला स्वतःचाच इतका राग आला की जिन्यात एका पायरीवर ती नुसतीच उभी राहिली. थोरली स्टोअरमध्येच होती. जायचा तिचा विचार नव्हता. एप्रन अंगावरच होता. धाकटीचा चेहरा बघून तिने तो उतरवला आणि घडी घालायला लागली.

"मी सगळं सांगितलं, ताई. वाफेचं सांगितलं, झाकणांचंही सांगितलं. ते पुढचं ऐकतच नव्हते. पुन्हा जाऊ आपण, दोघी जाऊ, मी बोलेन. तुम्ही फक्त उभ्या राहा शेजारी."

थोरलीने घडी नीट केली, कोपरे जुळवले आणि एप्रन टेबलावर ठेवला.

"ताई, काहीतरी बोला. संध्याकाळी एकत्रच जाऊ ना घरी?"

थोरलीने पिशवी खांद्याला लावली, धाकटीला वळसा घातला आणि दार ढकलून बाहेर गेली.