अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा

शेषराव मास्तरांनी सदऱ्याचं कापड घरी तीनदा मोजलं आणि मगच वरवट बकालच्या बाजारातल्या अमीनाच्या शिलाईच्या दुकानात गेले. शिंपी म्हटला की तो कापड लाटणारच, असं त्यांचं ठाम मत. दूधवाल्याचं माप, डॉक्टरांचं थर्मामीटर, देवळातलं घड्याळ, कशावर म्हणून या गृहस्थांचा विश्वास नाही. छत्तीस वर्षं गणित शिकवलं, तेही पोरं फसवतातच असं धरून.

"माह्यासमोरच बेत," ते स्टुलावर बसत म्हणाले.

"बसा ना सर," अमीना म्हणाली. पंचवीस वर्षांपूर्वी ती त्यांच्याच वर्गात होती. आता वडिलांचं दुकान तीच चालवते.

खरं तर सदरा हे निमित्त होतं. अमीना नववीत असताना मास्तरांनी फळ्यावर सात एक ओळीनं लिहिले होते, अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा, आणि छातीठोकपणे सांगितलं होतं की ही मूळ संख्या आहे, एक आणि ती स्वतः सोडून हिला कशानंही भाग जात नाही. आठ दिवसांनी अमीनानं वहीत एवढंच लिहून आणलं : २३९ गुणिले ४६४९. मास्तरांनी गुणून पाहिलं, तर बरोबर! पण कच्चं काम कुठे आहे? शिंप्याच्या पोरीला हे जमेलच कसं? त्यांनी लाल शाईनं 'नक्कल' लिहिलं आणि गणिताच्या स्पर्धेच्या यादीतून तिचं नाव कापलं. त्यानंतर वर्गात तिनं कधी हात वर केला नाही. दहावी झाली आणि ती मशीनवर बसली.

गेल्या महिन्यात रिकामपणी मास्तरांनी स्वतःच ती संख्या घेतली. दोन, तीन, पाच, सात असं एकेका मूळ संख्येनं भागत गेले. दोनशे एकोणचाळीस ही बावन्नावी निघाली. दोन दुपारी गेल्या, बस. फक्त चिकाटी हवी होती. तेव्हापासून त्यांना अन्न गोड लागेना. पण खात्री केल्याशिवाय माफी मागतील तर ते शेषराव कसले!

"अमीना, दहा लाख एकाले कशानं भाग जाते?"

तिची भुवई चढली. मग पसरलेल्या कापडावरच ती खडूनं भागाकार मांडू लागली. सात, अकरा, तेरा... मास्तर डोळ्यात तेल घालून बसले. मोबाइल कुठे आहे? भिंतीवर काही लिहिलंय का? बघता बघता अर्धं कापड आकड्यांनी भरलं.

"एकशे एकनं जाते सर. नऊ हजार नऊशे एक येतात."

आणि तिनं कापड उचलून खसकन झटकलं.

"अवं, पुसलं काऊन?"

"तुमचा सदरा हाय ना सर! गिऱ्हाइकाच्या कापडावर आकडे ठेवू का?"

मास्तर स्टुलावरून उठले. "तव्हाबी असंच केलं व्हतं?"

"हाव. अब्बा बेतायले याच्या आधी कापड झटकून टाकाव लागे."

"मंग मले सांगितलं काऊन नाही?"

"तुम्ही इचारलं कुठं?"

मास्तरांना फार लाज वाटली. "माह्यं चुकलं, अमीना. तू नक्कल नव्हती केली."

अमीनानं बेतायला उचललेली कात्री खाली ठेवली. ती त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहत राहिली.

"सर, हे खरंच बोलून राह्यले, का अजून मले तपासूनच राह्यले?"