नवरीवाचून चौक

गेल्या रविवारी कोपरीत माझ्यावर असा प्रसंग आला, की छातीतली धडधड अजून पुरती गेलेली नाही...

स्वातंत्र्य आल्यापासून आमच्या महिला मंडळाला उत्साह फार. येऊरच्या पाड्यावर बालवाडी चालवणाऱ्या सेवा संस्थेला बरोबर घेऊन मंडळाने, वारल्यांची कला जपायला हवी म्हणून, तिचं प्रदर्शन भरवलं. त्या बालवाडीत मी शिकवते, म्हणून सोनीबाईंना आणायचं काम माझ्याकडे आलं.

सोनीबाई पाड्यावरच्या धवलेरी... म्हणजे गाणी म्हणून लग्नं लावणाऱ्या. लग्नघरच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवीचा चौक काढतात, तो आम्हाला सभागृहात हवा होता. 'लग्नाचा चौक काढायचाय, याल का?' एवढाच निरोप मी धाडला.

त्या आल्या. बरोबर दोन सवाशिणी आणि घरचे तांदूळ. गेरूने सारवलेल्या भिंतीवरून त्यांनी हात फिरवला, मला जवळ ओढलं आणि कौतुकाने विचारलं, "नवरी तूच ना गं बाय?"

लग्न नसताना कुणी चौक मागेल, हे त्यांच्या मनातही येणं शक्य नव्हतं... आणि ते माझ्या लक्षात यायला हवं होतं.

"नुसतं हो म्हण गं," अध्यक्षीणबाई कानाशी कुजबुजल्या. "आज ना उद्या होणारच आहे की तुझं! चारला पाहुणे येतील."

खरंच, मी नुसती गप्प राहिले असते तरी चौक झाला असता. पण माझी पहिली अक्षरं बाबांनी घरीच गिरवून घेतलेली, आणि त्यांचा पहिला कित्ता होता 'खरे बोलावे'... नेमका तोच आठवला. मी म्हणाले, "लग्न नाही, सोनीबाई. लोकांना दाखवायला हवाय."

त्यांनी मला सोडलं आणि पुन्हा भिंतीकडे पाहिलं. आता पाड्यावर सांगतील, बालवाडीत एकही मूल यायचं नाही... काय काय मनात आलं.

"देवीला बोलवायची नि लगीनच नाय? ती काय बघल मंग?" मग सवाशिणींकडे वळून म्हणाल्या, "नवऱ्याचा पत्ता नाय, नि भित सारवून बसलीय!" तिघी खो खो हसल्या. मीही हसले, पण डोळ्यांत पाणी होतं.

निघताना त्यांनी मूठभर तांदूळ माझ्या पदरात टाकले. "खरं ठरल तवा सांग. मी येन."

चारला पाहुणे आले. कोऱ्या भिंतीबद्दल जो तो विचारी, आणि मी सांगे, "इथे लग्न नाही, म्हणून चौक नाही." अध्यक्षीणबाई अजून माझ्याशी बोललेल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी जीव मुठीत धरून पाडा चढले. बालवाडी गच्च भरलेली होती...

ते तांदूळ मी वेगळ्या डब्यात ठेवलेत. आई म्हणते, कीड लागेल. मी रोज झाकण उघडून बघते. कला जपायची कशी, हे म्हणे आम्ही त्यांना शिकवायला निघालो होतो...