ऐकून झालेल्या कॅसेटी

नात काल मोबाइलवर एका इंग्रजी बँडची गाणी लावून बसली होती. म्हणाली, "आजी, यांचे सगळे अल्बम पहिल्यापासून ओळीने ऐकतेय." मला एकदम खांब गावचं आमचं शेत दिसलं.

तिचा बाप, माझा मुलगा, तेव्हा रोह्याला कंपनीत नवा लागला होता. तोही असाच एका बँडच्या नादी लागला. पगार झाला की पेणला जाऊन त्यांची एकेक कॅसेट आणायचा. मला तो नुसता गोंगाट वाटे. त्या वर्षी भात पिकलं आणि पोपट लोंब्या तोडू लागले. कॅसेटची पट्टी शेतावर ताणली की ती वाऱ्याने गुणगुणते, पाखरं बसत नाहीत. तो शिफ्टला निघाला तेव्हा मी विचारलं, "किती ऐकून झाल्या रे?"

"चार झाल्या गो आये. आता पाचवी."

ऐकून झाल्या म्हणजे कामातून गेल्या, असं मी धरलं. चारही उसवून शेतावर ताणल्या. काल नातीने पहिला अल्बम संपताच पुन्हा लावला, तेव्हा कुठे मला नीट कळलं.

त्या दिवशी संध्याकाळी मुलगा शेतावर आला. उन्हात पट्ट्या चमकत होत्या.

"ऐकलेल्याच घेतल्या," मी म्हणाले. "पाचवीला हात नाय लावला."

तो ओरडला असता तर मीही ओरडले असते आणि तिथेच मिटलं असतं. एक पट्टी सैल पडली होती. ती त्याने काठीवरून सोडली, ओढली आणि घट्ट बांधली.

"सैल राहिली तर वाजत नाय," म्हणाला.